घाशीराम आणि नाना: सत्ता व महत्त्वाकांक्षा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही तुलना कोणत्या दोन पात्रांची आहे?

विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातील घाशीराम सावळदास आणि नाना फडणवीस या दोन पात्रांची. नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात, भरत नाट्य मंदिरात, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे होते आणि नानाच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. नाटकावर अर्धशतक चर्चा झाली असली तरी तिचा मोठा भाग इतिहास आणि जात या दोन मुद्द्यांभोवतीच फिरत राहिला. सत्ता म्हणजे काय, ती कुठून येते आणि कोणाच्या हाती किती काळ राहते, याविषयी या दोन माणसांची समजूत मुळातच किती वेगळी आहे, हा प्रश्न त्या वादात मागे पडला. माझ्या मते नाटकाचा सगळा डोलारा याच फरकावर उभा आहे, म्हणून येथील बहुतेक उत्तरे त्याच्याशीच संबंधित आहेत.

मग हे विवेचन इतिहासातील नाना फडणवीस आणि घाशीराम यांनाही लागू होते का?

नाही. पुण्याचा कोतवाल घाशीराम १७९१ मध्ये जमावाच्या हातून मारला गेला, ही ऐतिहासिक घटना आहे. पेशवाईचा कारभार अनेक वर्षे सांभाळणारे नाना फडणवीस हेही अर्थातच ऐतिहासिक पुरुष आहेत आणि त्यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन कागदपत्रांच्या आधारे इतिहासकारांनीच करावे. आपले नाटक ऐतिहासिक नाही, अशी भूमिका स्वतः तेंडुलकरांनी घेतली होती. घाशीरामसारखी माणसे कोणत्याही काळात विशिष्ट सामाजिक परिस्थितीतून घडवली जातात, हे त्यांना दाखवायचे होते. त्यामुळे येथे ‘नाना’ हा एकेरी उल्लेख केवळ रंगमंचावरील पात्राचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

घाशीरामला नेमके काय हवे असते?

नाटकाच्या आरंभी त्याला फार काही नको असते. उत्तरेकडून पोटापाण्यासाठी पुण्यात आलेला हा कनोजी ब्राह्मण बावनखणी या कलावंतिणींच्या वस्तीत गुलाबी नावाच्या नर्तकीच्या कोठीवर पडेल ते काम करतो, नाचतो, साथ करतो आणि मिळेल त्यावर दिवस काढतो. खूश झालेल्या नानाने त्याला बक्षीस दिलेला हार गुलाबी हिसकावून घेते. पुढे पर्वतीच्या रमण्यावर, म्हणजे ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई त्या जागी, दक्षिणा मिळेल या आशेने गेला असता त्याच्यावर चोरीचा आळ येतो. तो मार खातो, कोठडीत पडतो आणि शेवटी त्याला शहराबाहेर हाकलले जाते. पुण्यात परत येऊन या शहराला धडा शिकवण्याची त्याची प्रतिज्ञा त्या क्षणी जन्माला येते.

त्याची महत्त्वाकांक्षा अशी अपमानातून निपजलेली असल्यामुळे तिला भविष्याचे काही चित्रच नाही. कोतवाल झाल्यावर शहराची व्यवस्था लावावी, कुटुंबाला स्थैर्य द्यावे, संपत्ती जोडावी किंवा वरची पायरी गाठावी, यांपैकी कोणताही विचार त्याच्या तोंडी ठळकपणे येत नाही. ज्यांनी आपल्याला माणसातून उठवले त्यांना आपल्यासमोर थरथरताना पाहणे, एवढेच त्याला हवे आहे. अशा इच्छेला पुरे झाले असे म्हणता येईल अशी जागाच नसते. एका माणसाने अपमान केला असता तर त्याचा हिशेब कधीतरी मिटला असता, पण घाशीरामच्या लेखी गुन्हेगार सारे शहर आहे आणि शहर तर रोज सकाळी नव्याने त्याच्यासमोर उभे असते.

नानाला महत्त्वाकांक्षा आहे, असे म्हणता येईल का?

म्हणता येईल, पण ती चढणाऱ्या माणसाची नाही, चढून बसलेल्याची आहे. नाटकातला नाना काही मिळवायला निघालेला नाही, कारण मिळवण्यासारखे सगळे त्याच्याकडे आधीच आहे. जे आहे ते तसेच चालावे, आपल्या सुखात व्यत्यय येऊ नये आणि आपल्या नावावर कोणताही ठपका चिकटू नये, ही त्याची आकांक्षा. बावनखणीत तो रमतो, कीर्तनाला आलेल्या कोवळ्या मुलीवर त्याची नजर जाते, उतारवयात तो पुन्हा बोहल्यावर चढतो. या रंगेलपणावर प्रेक्षक हसतात, आणि हसत असतानाच या माणसाला धोकादायक समजण्याचे विसरतात. दिग्दर्शक आणि नट यांनी हा परिणाम फार विचारपूर्वक साधलेला असतो, असे मला अनेकदा वाटले आहे. जो नाना पाय मुरगळला म्हणून लाडिकपणे कण्हतो, तोच काही वेळाने एका शहराचे भवितव्य शांतपणे ठरवतो आणि या दोन्ही वेळी त्याचा आवाज फारसा बदलत नाही.

कोतवालीचा व्यवहार दोघे कसा समजतात?

तुलनेचे केंद्र येथेच आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

कीर्तनात दिसलेली ती मुलगी, ललितागौरी किंवा गौरी, नानाला हवी आहे आणि ती घाशीरामची मुलगी आहे. हे कळल्यावर घाशीराम मुलीच्या बदल्यात पुण्याची कोतवाली मागतो. नाना क्षणभर चकित होतो, घासाघीस करतो आणि अखेर हुकूम काढून देतो. घाशीरामच्या दृष्टीने हा रोखठोक सौदा आहे: आपण जगातली सर्वांत मोठी किंमत मोजली, तेव्हा विकत घेतलेली वस्तू आता पूर्णपणे आपली. सत्तेकडे तो मालकीच्या वस्तूसारखे पाहतो. हाती कागद आला, त्यावर सही-शिक्का आला, आता ती आपल्याकडून कोण घेणार, अशी त्याची धारणा आहे आणि शेवटपर्यंत ती बदलत नाही.

घाशीराम गेल्यावर नाना एकटाच जे बोलतो ते ऐकताना प्रेक्षकाला कळते की त्या कागदाचा अर्थ या माणसाने अगदी वेगळा लावला आहे. त्याचा हिशेब दुहेरी आहे. एका बाजूला मुलगी मिळाली. दुसऱ्या बाजूला पुण्यातल्या कुरबुरी करणाऱ्यांवर वचक बसवायला असा माणूस मिळाला, ज्याला या शहरात कोणी सोयरा नाही. परका असल्यामुळे तो नानाविरुद्ध पुणेकरांशी हातमिळवणी करू शकणार नाही, आणि चिडलेला असल्यामुळे सांगितले त्यापेक्षा जास्तच करील. नानाने केलेल्या पापांचा बोभाटा झाला तर तो खपवायलाही हाच कोतवाल उपयोगी पडेल, हे नाना मनाशी उघड बोलून दाखवतो. म्हणजे ज्या गोष्टीला घाशीराम खरेदी समजतो, तिला नाना उसनवारी समजतो. दिलेली वस्तू केव्हा परत घ्यायची हे ठरवण्याचा हक्क त्याने मनातल्या मनात स्वतःकडेच ठेवलेला आहे.

त्या प्रसंगात घाशीरामकडे चलाखी कमी नाही. नानाची नड त्याने अचूक ओळखली, योग्य वेळी अडवणूक केली आणि मोठे पद पदरात पाडून घेतले. सौदेबाजीत तो नानाच्या तोडीस तोड उतरतो, पण सौदा संपल्यानंतर समोरचा माणूस त्याचे काय करील याचा विचार त्याने केलेला नाही.

कोतवाल झाल्यावर घाशीराम सत्ता कशी वापरतो?

सर्वप्रथम परवान्यांचा पसारा मांडून. रात्री फिरण्यापासून दैनंदिन जीवनातल्या असंख्य गोष्टींसाठी त्याची परवानगी लागू लागते. तो स्वतः रात्री गस्त घालतो, दारे ठोठावतो, घरात कोण कोणासोबत आहे याची चौकशी करतो. आपल्याला ज्या शहराने रस्त्यावर काढले त्या शहराच्या शयनगृहापर्यंत पोहोचण्यात त्याला जे समाधान मिळते, ते केवळ शिस्तप्रिय अधिकाऱ्याचे नाही.

चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाला तापलेला लोखंडी गोळा हातात घ्यायला लावण्याचा प्रसंग जवळून पाहावा. ‘दिव्य’ म्हणजे निर्दोषत्व सिद्ध करण्याची ही परीक्षा, तिचा सगळा विधी रीतसर चालतो, मंत्र म्हटले जातात, गोळा तापवला जातो आणि आरोपीने कितीही गयावया केली तरी त्याचा हात पुढे ओढला जातो. स्वतः घाशीरामवरही एकेकाळी असाच चोरीचा आळ आला होता आणि तेव्हा त्याचेही कोणी ऐकून घेतले नव्हते. आपल्यावर झालेला अन्याय दुसऱ्यावर होऊ नये, असे त्याला वाटण्याची शक्यता या प्रसंगात क्षणभर निर्माण होते आणि तो ती नाकारतो. मला हा नाटकातला सर्वांत भीषण क्षण वाटतो, कारण पुढे जे घडते त्यात दुःखाचा, अपघाताचा, गैरसमजाचा वाटा असला तरी येथे मात्र तो पूर्ण शुद्धीवर राहून निवड करतो.

नानाही क्रूर आहे का? की फक्त घाशीरामच?

नाना स्वतः कोणावर हात उगारताना दिसत नाही, त्यामुळे हा प्रश्न वारंवार विचारला जातो. नाटकात ज्या ज्या गोष्टींनी माणसे मरतात त्यांची परवानगी त्याच्याकडून आलेली असते किंवा त्याने सोयीस्कर दुर्लक्ष केलेले असते. कोतवालाच्या जुलमाच्या वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नसतील, असे मानायला नाटकात जागा नाही. घाशीरामला आपला दरारा लोकांनी पाहावा असे वाटते, तर नानाला आपण कुठेच दिसू नये असे वाटते. पहिल्याच्या लेखी सत्तेचा आनंद समोरच्याच्या डोळ्यांतली भीती पाहण्यात आहे. दुसऱ्याला ती भीती उपयोगाची वाटते, पण ती कोणाच्या नावे जमा व्हावी याबाबत तो अत्यंत काटेकोर आहे.

गौरीच्या मृत्यूने दोघांच्या विचारात काही बदल होतो का?

घाशीराम मुलीच्या शोधात वेड्यासारखा धावतो आणि ती मेल्याचे त्याला कळते. तो नानासमोर येतो तेव्हा त्याच्या हातून आता काहीही घडेल असे वाटते आणि नानाही काही क्षण घाबरतो. पण नाना लगेच सावरतो. तू कोणासमोर उभा आहेस, याची जाणीव तो घाशीरामला करून देतो आणि मग जन्ममरण, दैव, कर्तव्य अशा भाषेत त्याची समजूत घालू लागतो. घाशीराम मान खाली घालतो.

तो येथे का थांबतो, याचे उत्तर मी असे देईन. नानावर हात टाकणे म्हणजे ज्या माणसाकडून कोतवाली आली त्यालाच संपवणे, आणि मग आपल्याकडे काहीच उरणार नाही, हे त्याला कुठेतरी जाणवलेले असावे. मुलगी गेली, आता तिच्या बदल्यात मिळालेले पदही गेले तर मोजलेली किंमत पूर्णपणे वाया जाईल. यानंतरचा त्याचा जुलूम आधीच्यापेक्षा आंधळा आहे. जो राग नानावर निघायला हवा होता तो तो पुण्यावर काढतो. आपल्या बागेतली फळे तोडली म्हणून परप्रांतीय ब्राह्मणांना अपुऱ्या जागेत कोंडले जाते, त्यांतले अनेक जण गुदमरून मरतात, आणि त्याच घटनेतून त्याचा शेवट ओढवतो.

नानाचा विचार मात्र तसूभरही बदलत नाही. गौरी त्याच्या दृष्टीने व्यवहारातली एक बाब होती आणि तो व्यवहार मिटला. दोन पुरुषांच्या या देवघेवीत गौरीला स्वतःची इच्छा बोलून दाखवायला नाटकात जवळजवळ वावच मिळत नाही. काही वाचक ही संहितेची उणीव मानतात आणि त्यांचे म्हणणे बाजूला सारता येण्यासारखे नाही. तरीही दोघांच्या सत्तेच्या कल्पनेत तिच्यासाठी जागाच नव्हती, हे या मौनातून तीव्रतेने कळते असे मला वाटते.

माणसांची भिंत या तुलनेत कुठे बसते?

प्रयोगात ब्राह्मणांच्या समूहाची एक रांग रंगमंचावर उभी असते. ती कधी भिंत होते, कधी देवळातली गर्दी, कधी संतप्त जमाव. ती झुलते, गाते, पाठ फिरवते, आड उभी राहते आणि गरज पडली की बाजूला होते. नाना आणि घाशीराम दोघांचीही सत्ता शेवटी या रांगेवर अवलंबून आहे, पण दोघांना ती वेगवेगळी दिसते. घाशीरामला ती एकजिनसी शत्रू वाटते, म्हणून तो तिच्यावर सतत आघात करतो. नानाला तिच्यातल्या प्रत्येकाचे लपवण्यासारखे काही ना काही आहे हे ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती आपल्या आड उभी राहील याची त्याला खात्री आहे. रात्री बावनखणीकडे जाणारे तेच लोक दिवसा धर्माची भाषा बोलतात. अशा समाजात दुसऱ्याचे पाप झाकण्यात प्रत्येकाचाच स्वार्थ असतो आणि नानाची सत्ता त्या स्वार्थावर पोसलेली आहे.

घाशीरामला शोकनायक म्हणावे का?

अर्धेच. शोकांतिकेतील सत्ताकांक्षी माणसाचे उदाहरण म्हणून शेक्सपिअरच्या मॅकबेथचे नाव नेहमी पुढे येते. पण आपण जे करणार आहोत ते पाप आहे हे मॅकबेथला खून करण्यापूर्वीच पुरते ठाऊक असते आणि तो स्वतःशी झगडतो. घाशीरामच्या बाबतीत असा झगडा मुलीला देताना ओझरता दिसतो आणि मग दीर्घकाळ नाहीसा होतो. शेवटी जमाव दगड घेऊन समोर आल्यावर तो त्यांना आव्हान देतो आणि मुलीच्या मरणाला आपणच जबाबदार आहोत हे मान्य करत शिक्षा ओढवून घेतो. तेथे तो शोकनायकाच्या जवळ पोहोचतो. मात्र ज्या निरपराध माणसांचे त्याने हाल केले त्यांची आठवण त्या क्षणीही त्याला होत नाही, म्हणून त्याच्याबद्दलची आपली करुणा पुरती मोकळी होत नाही.

शेवटी नाना जिंकतो का?

हो, आणि नाटक हे लपवत नाही. लोक चिडून उठल्यावर नाना घाशीरामला वाचवण्याचा विचारही करत नाही. ज्या हाताने नेमणुकीचा हुकूम काढला त्याच हाताने तो त्याच्या मृत्यूचा हुकूम काढतो आणि मग जमावासमोर येऊन शहरावरचे संकट टळल्याचे जाहीर करतो. ज्याने कोतवाल नेमला त्याला कोणी जाब विचारत नाही. जमावाला आपण न्याय मिळवला असे वाटते, नानाला हवा असलेला वचक काही वर्षे मिळालेला असतो आणि त्याचे पाप दुसऱ्याच्या देहासोबत संपलेले असते.

या दोघांमध्ये लेखकाची सहानुभूती कोणाकडे आहे?

कोणा एकाकडे आहे असे मला वाटत नाही. सूत्रधार गातो, टिप्पणी करतो, पण निवाडा करत नाही. घाशीरामची बाजू समजावी इतपत पूर्वपीठिका आपल्याला दिली जाते, नानाची मात्र दिली जात नाही. तो असा का झाला याचे कोणतेही कारण नाटक देत नाही. ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. नव्याने सत्तेवर आलेल्या माणसाला लोक त्याची कारणे विचारतात, पिढ्यान्‌पिढ्या सत्तेत असलेल्याला ती कोणी विचारत नाही.

नाटकाला विरोध झाला तो याच कारणाने का?

विरोधाचे उघड कारण ऐतिहासिक पुरुषाची आणि विशिष्ट समाजाची बदनामी हे होते. सुरुवातीच्या काही प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले आणि त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा रंगमंचावर आणले. पुढे ते परदेशातही गेले. ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणणार नाही, कारण रंगमंचावर खरी नावे वापरली की पात्र आणि व्यक्ती यांतली रेषा पुसट होते. परंतु नाव बदलून नाना एखाद्या काल्पनिक राज्याचा प्रधान केला असता, तरी दोघांच्या सत्तेच्या समजुतीतला भेद जसाच्या तसा राहिला असता.

प्रयोग पाहताना किंवा संहिता वाचताना कोणत्या जागांकडे लक्ष द्यावे?

तीन जागा सुचवतो. पहिली बावनखणीत, जेथे पाय दुखावलेल्या नानाला आधार द्यायला घाशीराम वाकतो. दोघांचे शरीर एकमेकांच्या संदर्भात कोणत्या उंचीवर आहे ते पाहावे, कारण कोतवालीचे कपडे चढवल्यावरही नानासमोर त्याच्या पाठीचा बाक पुन्हा पुन्हा परत येतो. दुसरी, नेमणुकीनंतर नानाचे स्वगत. वाचताना ते घाईने संपवू नये. नाना त्यात विनोद करत असला तरी पुढच्या प्रत्येक घटनेचा आराखडा त्यात आधीच सांगून ठेवलेला आहे. तिसरी जागा गौरीच्या मृत्यूनंतरच्या भेटीची, त्यातही नाना तत्त्वज्ञान सांगू लागतो त्या वाक्याच्या आधीच्या थांब्याची. तेवढ्या वेळात घाशीराम त्याला मारू शकला असता. चांगला नट तो थांबा लांबवतो आणि नाना झालेला चांगला नट त्या अवधीत पहिल्यांदाच खरा घाबरलेला दिसतो.